डफरीन, महाराणी व्हिक्टोरिया आणि आईकडची वंशावळ

अमरावतीत ऑटोवाल्याला 'जिल्हा स्त्री रुग्णालयात चला' असे सांगितले तर तो क्षणभर थबकतो. 'डफरीन' म्हटले की लगेच निघतो. शासकीय फलकावर नाव काहीही असो, गावाच्या तोंडी डफरीन आणि इर्विन हीच नावे टिकली. अकोल्यातही स्त्री रुग्णालय म्हणजे अजून 'लेडी हार्डिंग'च. वऱ्हाडातील दोन-तीन पिढ्यांचे जन्म या परकीय नावांच्या छताखाली झाले. यांतील पहिल्या नावामागे एक महाराणी आहे, तिच्या रक्तात एक आजार होता, आणि तो नेमका कोणता हे कळायला २००९ साल उजाडावे लागले. हा धागा त्या शोधाचा, आणि तसाच शोध आपल्याकडच्या घरांत का अवघड जातो याचा. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

१८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरीन हिने भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून एक निधी उभारला. त्यामागे राणी व्हिक्टोरियाची इच्छा होती, हे त्या काळी उघडपणे सांगितले जाई. देशभर 'डफरीन' नावाची स्त्री रुग्णालये दिसतात ती या निधीमुळे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८४ च्या मार्चमध्ये, राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड फ्रान्समधील कान येथे पाय घसरून पडला आणि रक्तस्रावाने गेला. वय अवघे तीस. त्याला हिमोफिलिया होता. मुलाच्या मृत्यूचा आणि निधीचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो. पुरावा नसल्यामुळे तो टाळलेला बरा. एवढे मात्र खरे की, ज्या स्त्रीच्या इच्छेमुळे हे नाव आपल्या गावात आले, ती स्वतः या आजाराची वाहक होती.

वाहक म्हणजे काय, ते आधी पाहू. रक्त गोठण्यासाठी शरीरात काही प्रथिने लागतात. त्यांना 'फॅक्टर' म्हणतात आणि क्रमांकांनी ओळखतात. आठवा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर हिमोफिलिया बी. या दोन्ही फॅक्टरांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यात बिघाड असला तर भरपाई करायला दुसरा नाही. स्त्रीकडे दोन एक्स. एक बिघडलेला असला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो. ती बाहेरून निरोगी दिसते, आणि तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची, प्रत्येक मुलीला वाहकपण मिळण्याची शक्यता निम्मी असते. हिमोफिलिया ए साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. बी त्याहून बराच विरळा. मूल रांगू लागले की गुडघ्यावर निळे डाग, दात पडला की दोन-दोन दिवस न थांबणारे रक्त, पुढे सांध्यांत रक्त साचून गुडघा-कोपर कायमचे आखडणे, असा त्याचा क्रम असतो.

हा आजार आईच्या बाजूने चालतो, हे माणसांना सूक्ष्मदर्शक हाती येण्याच्या कितीतरी आधी कळले होते. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात सुंतेच्या वेळी रक्तस्रावाने मुले दगावण्याची चर्चा आहे. एका बहिणीचा मुलगा गेला, दुसरीचा गेला, तिसरीचाही गेला. चौथी बहीण विचारायला आली तेव्हा धर्मगुरूंनी तिच्या मुलाची सुंता करू नये असे सांगितले. मुलांचे वडील चार वेगळ्या घरांतले. समान धागा फक्त बहिणींचा. पुढे १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो या डॉक्टरने एका अमेरिकन कुळाची हकिगत छापली. रक्तस्राव पुरुषांना होतो, तो पोचवतात मात्र स्त्रिया, असे त्याने स्पष्ट लिहिले, आणि मूळ सत्तर-ऐंशी वर्षे मागे जाऊन स्मिथ आडनावाच्या एका बाईपर्यंत नेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही नोंदींचा हेवा करावा. कोणीतरी मावशांची चौकशी केली होती.

आपल्याकडे ती चौकशी कागदावर सापडत नाही. कारण कागदच तसे बनवलेले नाहीत. वऱ्हाडातील गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी 'कोतवाल बुक' या नावाने ओळखल्या जातात. जात पडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधायला तहसील कार्यालयात खेटे घातलेल्या कोणालाही ती जीर्ण पाने ठाऊक आहेत. तिथे जन्म नोंदला जातो तो बापाच्या नावाने. मृत्यूच्या नोंदीत कारण असते, पण ते लिहिणारा डॉक्टर नसे. ब्रिटिश काळातील गावपातळीच्या नोंदींत 'ताप' या एका शब्दात किती निरनिराळे आजार कोंबले गेले, यावर तेव्हाच्या अधिकाऱ्यांनीही कुरकुर केलेली आहे. रक्त न थांबून गेलेल्या मुलासाठी वेगळा रकाना नव्हता.

दुसरा मोठा दस्तऐवज म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. वऱ्हाडातून अस्थी घेऊन गेलेले कुटुंब रामकुंडावर उतरते, उपाध्याय गाव आणि आडनाव विचारतो, वही काढतो आणि पाच-सात पिढ्या धडाधड वाचून दाखवतो. बाप, आजा, पणजा, त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे. घरात आलेल्या सुना काही वेळा असतात; घरातून गेलेल्या लेकी साधारणतः नसतात. लेक सासरी गेली की तिची मुले दुसऱ्या आडनावाखाली, कदाचित दुसऱ्याच उपाध्यायाच्या वहीत जातात. हिमोफिलिया नेमका त्याच वाटेने जातो. आजीकडून आईकडे, आईकडून एका मुलाकडे आणि एका मुलीकडे, त्या मुलीकडून तिसऱ्याच गावातील नातवाकडे. तीन पिढ्यांत तीन आडनावे. परतवाड्याचा मामा, मूर्तिजापूरचा भाचा आणि मावशीचा बाळापूरचा नातू यांचा आजार एकच आहे, हे कोणत्याही एका वहीत दिसणे शक्य नाही. एका आजीच्या डोक्यात मात्र ते दिसू शकते. 'माझा भाऊ असाच गेला व्हता,' असे ती बोलून जाते आणि घरातले तो दैवाचा विषय समजून सोडून देतात.

यात एक विसंगती आहे. वऱ्हाड स्वतःला माहेरांची भूमी म्हणवून घेतो. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर, दमयंती विदर्भकन्या. लेकीचे माहेर इतके अभिमानाने सांगणाऱ्या प्रांतात लेकींची वंशावळ कोणी लिहिली नाही.

आता व्हिक्टोरियाकडे परत जाऊ. तिची वंशावळ युरोपातील प्रत्येक दरबाराने सांभाळलेली होती, मुलींसकट. त्यामुळे आजाराची वाट कागदावर स्वच्छ दिसते: मुलगी अ‍ॅलिस, तिची मुलगी अलेक्झांड्रा, म्हणजे रशियाच्या झारची पत्नी, आणि तिचा मुलगा अलेक्सी. परंतु आजार ए की बी, हे वंशावळ सांगू शकत नव्हती. दोन्ही एक्सवरचे, दोन्हींची लक्षणे सारखी. हे दोन वेगळे आजार आहेत हेच मुळी १९५२ च्या सुमारास स्पष्ट झाले. फॅक्टरची पातळी मोजायला ताजे रक्त लागते आणि शाही रुग्णांपैकी कोणी उरलेला नव्हता. १९१८ मध्ये झारच्या कुटुंबाची हत्या झाली. येकातेरिनबुर्गजवळ त्यांचे बहुतेक अवशेष १९९१ मध्ये उकरून काढण्यात आले, उरलेल्या दोन मुलांचे २००७ मध्ये सापडले. त्या हाडांतील डीएनए वाचून येवगेनी रोगाएव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष छापला: नवव्या फॅक्टरच्या जनुकात एका अक्षराचा बदल, म्हणजे हिमोफिलिया बी, आणि तोही तीव्र. आईच्या हाडात बिघडलेले आणि चांगले अशी दोन्ही अक्षरे सापडली. मुलाच्या हाडात फक्त बिघडलेले. एक मुलगीही वाहक निघाली. हा वाद एका अक्षराने मिटवला. अभिलेखागारात असे भाग्य क्वचितच लाभते.

हीच चाचणी जिवंत माणसाची कशी होते, ते सांगतो. सुरुवात जनुकापासून होत नाही. आधी रक्त गोठण्याच्या साध्या चाचण्या, मग फॅक्टर आठ आणि नऊ यांची पातळी. मुलाला हिमोफिलिया आहे की नाही, हे एवढ्यावर कळते आणि उपचारही सुरू होतात. अडचण येते ती त्याच्या बहिणीची, मावशीची. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स कामात असतो आणि कोणता ते नशिबावर ठरते. मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली. त्यामुळे वाहक स्त्रीची पातळी अगदी सामान्य येऊ शकते. रक्त तपासून 'तू वाहक नाहीस' असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ते जनुकच सांगू शकते.

नवव्या फॅक्टरचे जनुक १९८२ साली हाती आले, आठव्याचे १९८४ साली. आठव्याचे जनुक अवाढव्य: सुमारे १,८६,००० अक्षरे, २६ तुकड्यांत विभागलेली. त्यातली चूक थेट शोधणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. मग अप्रत्यक्ष वाट निघाली. मोडी पत्रावर तारीख नसली की आपण कागद, शाई, लेखकाचे वळण यांवरून अंदाज बांधतो, तशी. जनुकाच्या आसपासच्या निरुपद्रवी खुणा पाहायच्या आणि आजारी मुलाकडे आईचा कोणता एक्स आला ते ताडायचे. यासाठी आई, भाऊ, कधी आजी-आजोबा, सगळ्यांचे रक्त लागे. १९९३ साली एक मोठी गोष्ट उलगडली. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४५ टक्क्यांमध्ये अक्षर चुकलेले नसते. जनुकाचा एक मोठा भाग उलटा बसलेला असतो. पोथी शिवताना काही पाने उलटी शिवली जावीत आणि प्रत्येक ओळ शुद्ध असूनही पोथी वाचता येऊ नये, तसे. म्हणून तीव्र ए असला की प्रयोगशाळा आजही आधी ही उलटी पाने शोधते, न सापडल्यास मग अक्षरन्‌अक्षर वाचते.

महाराष्ट्रात हे काम ज्या संस्थेने उभे केले ती परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. आजचे नाव राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था, बोलीत 'एनआयआयएच'. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये शोधलेला 'बॉम्बे रक्तगट' आपण शाळेत वाचतो. त्याच मुंबईकर परंपरेतली ही संस्था. तिथे डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांच्या काळात हिमोफिलियाची वाहक-तपासणी आणि गर्भावस्थेतील निदान भारतीय कुटुंबांपर्यंत पोचले. वऱ्हाडच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, बडनेरा किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी दादरला उतरून परळ गाठायचे. पुढे अमरावतीतच शासकीय डे-केअर केंद्र झाले आणि फॅक्टरच्या इंजेक्शनसाठीची वणवण पुष्कळ कमी झाली. जनुकाच्या तपासणीला आजही नमुना मोठ्या शहराकडे जातो. पण नमुना गेला तरी चालते, माणसाने जायलाच हवे असे नाही.

इथे एक तिढा आहे आणि या धाग्यात मला सर्वांत महत्त्वाचा तो वाटतो. वाहक-तपासणी खात्रीची व्हायची तर आधी कुटुंबातील आजारी पुरुषाच्या जनुकातील चूक माहीत असावी लागते. ती माहीत असली की बहिणीत, मावशीत, भाचीत तेवढेच ठिकाण पाहायचे. तो मुलगा नमुना न देता गेला, तर पुढच्या बायकांसाठी शोध पुन्हा पहिल्यापासून, आणि उत्तर कधीकधी अर्धवट. म्हणजे आजारी मुलाचे थोडे रक्त हे त्या कुळाचे मूळ साधन आहे, पहिल्या दर्जाचा दस्तऐवज. झारच्या घराण्याची हाडे नव्वद वर्षे जमिनीत राहिली म्हणून बोलली. आपण दहन करतो. अस्थी रामकुंडात जातात, त्याच दिवशी शेजारी बसलेला उपाध्याय मुलाचे नाव वहीत लिहून घेतो. नाव राहते, पुरावा वाहून जातो. याला कोणाचा दोष नाही. परंतु ज्या घरात असा मुलगा आज आहे, तिथे त्याचा नमुना वेळेत तपासून अहवाल जपणे हे त्याच्यापेक्षाही त्याच्या बहिणींच्या उपयोगाचे आहे.

बहिणी म्हटल्यावर लग्नाचा विषय येतोच. सिकलसेल विदर्भाला ओळखीचा आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, आणि आज आश्रमशाळांतही त्याची तपासणी होते. तो आई-वडील दोघांकडून एक-एक वाटा आल्यावर होतो. त्यामुळे दोष वाटला जातो. हिमोफिलियात बोट थेट आईकडे वळते. 'तुझ्या घरचं आणलंस' हे वाक्य ऐकलेल्या बायका वऱ्हाडात शोधायला फार लांब जावे लागणार नाही. त्यामुळे मुलीची तपासणी करण्याआधी घरचे विचारतात, की हे कागदावर आले तर स्थळ कसे यायचे? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्याला उत्तर म्हणून दोन गोष्टी सांगता येतील. जवळपास एक-तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाही हा आजार नसतो. चूक नव्याने घडलेली असते. खुद्द व्हिक्टोरियाच्या आईकडे याचा मागमूस मिळत नाही. आणि दुसरे, वाहक स्त्री नुसती पोचवणारी नसते. तिची स्वतःची पातळी कमी असू शकते. महिनोन्‌महिने अंगावरून जास्त जाणे, बाळंतपणानंतर रक्त न थांबणे हे तिच्या वाट्याला येते. 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून ते सोसले जाते. बाळंतपणाआधी ती वाहक आहे हे डफरीनच्या किंवा लेडी हार्डिंगच्या डॉक्टरांना ठाऊक असेल, तर तिचा आणि बाळाचाही जीव वाचू शकतो.

जाता जाता: प्रत्येक रक्तस्रावी आजार मुलग्यांचाच नसतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली बाल्टिक समुद्रातील बेटांवरच्या एका कुटुंबाचे वर्णन केले. ज्या मुलीपासून शोध सुरू झाला ती तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्त जाऊन गेली. त्यांच्या नावाचा तो आजार मुलींनाही होतो आणि बहुधा जनुक न वाचताही ओळखता येतो. ग्लान्झमान नावाचा बिंबिकांचा आजार आई-वडील दोघांकडून यावा लागतो; नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या समाजात हे माहीत असलेले बरे.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग: गर्भाची तपासणी. गर्भलिंगनिदान म्हटले की आपल्याला मुलींची हत्या आठवते, आणि ते योग्यच आहे. पण या तंत्राचा एक आरंभ हिमोफिलियात आहे, हे फारसे सांगितले जात नाही. कोपनहेगनमधील फुक्स आणि रीस यांनी १९५६ साली गर्भजलातील पेशींवरून लिंग ओळखता येते असे दाखवले, आणि १९६० मध्ये हिमोफिलियाच्या वाहक स्त्रीसाठी त्याचा वापर केल्याचे लिहिले. मुलगा असेल तर गर्भपात, मुलगी असेल तर नाही. जनुक वाचता येत नव्हते म्हणून निम्मे निरोगी असू शकणारे मुलगेही त्या निर्णयात जात. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या एम्समध्ये आनुवंशिक विकृती शोधण्यासाठी गर्भजलपरीक्षा आली, आणि दहा वर्षांत तीच सुई मुंबईत मुली शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. स्त्रीसंघटना आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला; केंद्राचा १९९४ मध्ये आला. या कायद्यांनी एक खिडकी जाणीवपूर्वक उघडी ठेवली: नोंदणीकृत केंद्रात, ठरावीक गंभीर आजारांसाठी तपासणी करता येते, आणि त्या यादीत लिंगसंलग्न आनुवंशिक आजार आहेत. हिमोफिलिया त्यात बसतो. अनेक कुटुंबांना, आणि मला वाटते काही डॉक्टरांनाही, ही खिडकी आहे हेच माहीत नसते. कायद्याच्या भीतीने विषयच बंद होतो.

जनुकचाचणीने इथे फरक केला तो हा. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन, कुटुंबातील ती ठरावीक चूक गर्भात आहे की नाही एवढेच पाहता येते. मुलगा आहे म्हणून संशयाने काही करावे लागत नाही. आणि पुढे काय करायचे, हा निर्णय आता १९६० सारखा एकेरी राहिलेला नाही. नियमित फॅक्टर मिळाला तर हिमोफिलियाचा मुलगा शाळेत जातो, नोकरी करतो. २०१६ च्या कायद्याने त्याला दिव्यांगत्वाचे संरक्षणही दिले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने जनुकोपचारानंतर पाच रुग्णांचे रक्तस्राव थांबल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा तपासणीचा अहवाल हातात घेतलेल्या आईला काय करावे हे सांगण्याचा अधिकार मी कोणालाच देणार नाही. तिला अहवाल मिळण्याचा अधिकार मात्र आहे.

समुपदेशक कोरा कागद घेऊन बसतात तेव्हा पुरुषासाठी चौकोन काढतात, स्त्रीसाठी वर्तुळ, आणि वाहक स्त्रीच्या वर्तुळात मध्ये एक ठिपका. पहिला प्रश्न असतो: तुमच्या आईला बहिणी किती? त्या कुठे दिल्या? त्यांना मुले किती, आणि त्यांतले लहानपणी कोण गेले? वडिलांकडच्या सात पिढ्या पाठ असलेली माणसे इथे अडतात आणि गावी फोन लावतात. पलीकडून बहुधा आजीच बोलते.

तुमच्या घरी अशी आजी असेल तर या दिवाळीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. पुढचा धागा कोतवाल बुकांतील मृत्यूच्या कारणांवर. कोणाकडे जुन्या नकला असतील तर नावे झाकून छायाचित्रे पाठवावीत.